चुनखडीतला अनंत

मित्रांनो, माझ्या बुंध्याकडे पाहा. तो आता माणसाच्या मनगटाएवढा जाड झाला आहे. सालीला भेगा पडल्या आहेत आणि खालच्या दोन फांद्या वठल्या आहेत. झुडपाच्या मानाने हे वय पुष्कळ झाले. मला अनंत म्हणतात. माझी पाने बाराही महिने हिरवी आणि तेल लावल्यासारखी चकचकीत असतात. एक पान गळायच्या आधी दुसरे तयार असते, त्यामुळे मी कधी उघडा दिसत नाही. जेठ महिन्याच्या सुमारास मला पांढरी फुले येतात. त्यांचा वास चार घरे पलीकडे जातो. फूल दोन दिवस पांढरे राहते, मग सायीसारखे पिवळट होते आणि फांदीवरच सुकते.

पण एक वर्ष असे गेले की माझ्या अंगावर एकही धड हिरवे पान नव्हते, आणि त्यापायी एका मुलीचे घर सुटायची वेळ आली होती. ती गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका गावी झाला. तिथे माती तांबडी. पाऊस सुरू झाला की चार महिने उसंत नाही, आणि जांभूळ-हिरड्याचा पाला कुजून जमिनीवर बोटभर काळा थर बसलेला. माझी आई आकारामच्या परसात विहिरीच्या वाटेवर उभी होती. आमच्या फुलाला इतक्या पाकळ्या असतात, की बी धरायला लागणारे आतले भाग उरतच नाहीत. म्हणून आम्ही बियांपासून होत नाही, फांदीपासून होतो. मी म्हणजे माझ्या आईचीच एक फांदी.

मला लावले आकारामच्या मुलीने, अंजनाने. ती गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली होती आणि प्रत्येक गोष्ट जवळ जाऊन बघायची तिला सवय होती. सन बेचाळीसच्या वैशाखात तिचे लग्न ठरले, तेव्हा तिने पाच फांद्या निवडल्या. फार कोवळ्या नाहीत, फार जून नाहीत, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या आणि वीतभर लांबीच्या. पेराच्या खाली तिरका काप घेतला, खालची पाने काढली आणि वरच्या दोन पानांचे शेंडे अर्धे कापले, म्हणजे पानांतून पाणी कमी उडते. मग वाळू आणि तांबडी माती सारखी मिसळून त्यात आम्हांला खोचले आणि वर ओले गोणपाट धरले. महिन्याभराने पाचांतली एक तिने उपटून पाहिली.

तिची आई ओरडली, "आगं, जगत्यालं झाड कशापायी उपटतीस?"

"मुळ्या फुटल्यात का बगत हुते," अंजना म्हणाली. फुटल्या नव्हत्या, नुसती गाठ धरली होती. उरलेल्या चारांतल्या दोन जगल्या. त्यांतला एक मी.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला अंजना माहेरी आली, तेव्हा माझ्या मुळ्या रॉकेलच्या डब्याच्या तळाला टेकल्या होत्या. परत निघताना तिने मला मांडीवर घेतले. आगगाडीच्या खिडकीतून मी पहिल्यांदा जग पाहिले, म्हणजे खरे तर माती पाहिली. आधी तांबडी होती. कृष्णेच्या काठाने ती काळीभोर झाली, तिच्यात ऊस आणि हळद डुलत होती. मिरजेला आम्ही छोट्या गाडीत बसलो, आणि त्यानंतर माती फिकट होत गेली. कवठे महांकाळला उतरलो तेव्हा ती जवळजवळ पांढरी होती. अंजनाने पायाच्या अंगठ्याने ती जरा उकरून पाहिली.

तिचे सासर तिथून तीन कोसांवर. घरात माणसे दोनच, सासू राहीबाई आणि नवरा जोतिबा. जोतिबा पलटणीत होता. रजा संपत आली होती आणि आता लढाईवर जायचे होते.

"डब्यात काय आनलंस गं?" राहीबाईंनी विचारले.

"अनंत हाय, आत्याबाई. आमच्या परसातला."

"हितं मानसाला पानी न्हाई, आन तू झाडं आनतीस व्हय?"

पण जोतिबाने हसत हसत कुदळ घेतलीसुद्धा. दारातल्या आडाजवळ, सकाळचे ऊन येईल आणि दुपारी भिंतीची सावली पडेल अशी जागा त्याने निवडली. जागा उत्तम होती. हातभर खणल्यावर मात्र कुदळ खणकन वाजली आणि पांढरे खडे वर आले.

"ह्ये काय वो?" अंजनाने विचारले.

"चुनखडी. आमच्या रानात दुसरं काय पिकतं?"

त्याने खडे बाजूला केले, मला लावले आणि आडाचे पाणी घातले. चौथ्या दिवशी तो निघाला. राहीबाईंच्या डोळ्यांचे पाणी थांबेना. त्यांना हसवायचे म्हणून त्याने माझ्याकडे बोट केले.

"आये, रडतीस कशाला? ह्याला जप. ह्ये हिरवं हाय तवर मी बी हिरवा हाय, आसं समज."

तो गमतीने बोलला आणि निघून गेला. आईने ते शब्द जसेच्या तसे मनात धरले.

मित्रांनो, त्यानंतर माझी जी सेवा झाली, तशी फार थोड्या झाडांच्या वाट्याला येते. राहीबाई रोज चूल लोटली की राख माझ्या बुडाशी आणून घालत. वांग्याला, दोडक्याला त्या राखच घालत आणि त्यांना ती मानवायचीही. दिवाळीत घराला चुना लावला, तेव्हा उरलेल्या चुन्यात गेरू कालवून त्यांनी माझे खोड रंगवले, वाळवी लागू नये म्हणून. मग माझ्याभोवती दगडांचा छोटा पार बांधला आणि तोही चुन्याने पांढराशुभ्र केला. उन्हाळ्यात आडाने तळ गाठला, तेव्हा त्या स्वतः एका तांब्यात अंग पुसून घेत, पण मला घागरभर पाणी चुकवत नसत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "माझा जोतिबा हाय हितं उभा."

आणि मी पिवळा पडत चाललो होतो.

आधी शेंड्याची नवी पाने फिकट आली. त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, मधली जागा पिवळी, जणू कोणी हिरव्या दोऱ्याने जाळे विणले आहे. मग तीही पांढुरकी झाली आणि कडेने करपली. मला कोणी भूक आहे का असे विचारले असते तर मी हो म्हणालो असतो. आम्हांला पान हिरवे करायला मातीतले थोडे लोह लागते. ते तिथल्या मातीतही होतेच. पण जिथे चुना फार, तिथे ते विरघळत नाही आणि मुळांना उचलता येत नाही. भरल्या ताटापुढे हात बांधून बसावे, तसे माझे झाले होते. त्यात रोजची राख म्हणजे चुन्याचीच बहीण. राहीबाई जेवढे प्रेम करत, तेवढा मी उपाशी राहत होतो.

त्रेचाळीसच्या चैत्रापासून जोतिबाची पत्रे यायची थांबली.

शेजारच्या शालूबाई रोज आडावर येत. एक दिवस घागर खाली ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "राहीबाय, झाड लय पिवळं दिसतंया. कावीळ झाल्यागत."

"ऊन लागलं आसंल," राहीबाई म्हणाल्या.

"उनाचं न्हाई वो ह्ये. कुनाच्या हातचं हाय, त्येबी बगावं लागतं." अंजना दारातच धान्य पाखडत होती. तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात शालूबाई पुढे म्हणाल्या, "तिकडची वस्तू तिकडंच बरी."

त्या दिवशी राहीबाईंनी राख दुप्पट घातली. जेठ सरला, आषाढ लागला. पत्र नाही. माझ्या अंगावर सतरा पाने उरली होती. अंजना मोजत असे, म्हणून मला माहीत. एके सकाळी राहीबाई माझ्यासमोर उभ्या राहून तिला म्हणाल्या, आवाज अगदी हळू होता, "पंचमीला तुजा बा न्ह्यायला यील. त्याच्यासंगं जा. आन मी सांगावा धाडल्याबिगर येऊ नगंस."

"आत्याबाई, माजं काय चुकलं?"

"तुजं चुकलं आसं न्हाई म्हनत मी. पन तुज्या हातचं झाड हाय, आन त्ये मराय लागलंय. माज्यानं बगवत न्हाई. तुज्याकडं बगिटलं की मला ह्येच दिसतं."

असा सांगावा कधी येत नाही, हे अंजनाला ठाऊक होते. जोतिबा परत येईल तेव्हा आपण याच दारात असावे, एवढेच तिला हवे होते. ती रडली नाही. माझ्याजवळ बसली, एक पान तोडले आणि सूर्यासमोर धरले. बराच वेळ ती त्या हिरव्या शिरा पाहत होती. मग उठून घरात गेली, कारण पाण्याचा हंडा घासायचा राहिला होता.

आंघोळीचे पाणी तापवायचा तो तांब्याचा हंडा. त्याच्या आतून आडाच्या पाण्याची जाड पांढरी खपली बसली होती. अंजनाने चिंच कोळून लावली. खपली फसफसली, बुडबुडे आले आणि ती विरघळत गेली. अंजनाचा हात थांबला. ती बाहेर आली, माझ्या बुडाशी मातीवर जो पांढरा पापुद्रा धरला होता त्याची चिमूट उचलली आणि तिच्यावर चिंचेचे चार थेंब टाकले. ती चिमूटही फसफसली. मग पाराचा चुना खरवडून पाहिला. तोही. चुलीतली राख घेतली, तीसुद्धा थोडी चुरचुरली. शेवटी माझ्या मुळाशी हात घालून तिने माहेरची तांबडी माती शोधली. डब्यातला तो एवढासा गोळा अजून मुळ्यांना चिकटून होता. त्यावर चिंच टाकली.

काहीही झाले नाही. माती गप्प राहिली.

अंजनाने त्याच दिवशी बापाला कार्ड लिहिले. "बाबांस नमस्कार. पंचमीला येताना आपल्या परसातली तांबडी माती दोन पोती आणावी. जांभळाखालचा कुजका पालाही आणावा. का ते आल्यावर सांगेन. विसरू नये."

आकाराम आला तो पंचमीच्या आदल्या दिवशी, दुपार टळल्यावर. खरे तर तो दोन दिवस आधी यायचा, म्हणजे मुलीला सणाला माहेरी पोचवता आले असते.

"काय सांगू, इहीनबाई!" बैलगाडीतून पोती उतरवत तो म्हणाला. "मिरजंला टेसनावरच्या जकातवाल्यांनी मला दोन दिस बसवून ठिवलं. पोत्यात काय म्हनं. म्हनलं, माती. त्यांना पटंना. म्हनं, लोक हितनं हळद-गूळ घिऊन जात्यात, आन तू बाहेरनं माती घिऊन आलास? माती कुनी आगगाडीनं न्हेतं का? दोनी पोती उलटी करून बगिटली."

"मंग काय निगालं?" राहीबाईंनी विचारले.

"मातीच की वो! दुसरं काय निगनार?"

राहीबाई हसल्या नाहीत. "पावनं, तुमी लेकीला न्ह्यायला आलायसा का माती टाकायला?"

 अंजनाने कुदळ उचलली आणि माझ्या पाराचा पहिला दगड उलथा केला.

राहीबाई धावत आल्या. "आगं, काय करतीस? उपटू नगंस! माज्या लेकाचा जीव हाय त्यात! आन उद्या पंचमी, आज भुई उकरतीस?"

"म्हनून तर आजच, आत्याबाई. उद्या कुदळ लावता यायची न्हाई, आन परवा मी हितं नसंन."

आमच्याकडे नागपंचमीला जमीन खणत नाहीत, चिरत नाहीत, कापत नाहीत. दिवस मावळायच्या आत जे होईल तेच. राहीबाईंनी कुदळीचा दांडा घट्ट धरला. सासू एका टोकाला, सून दुसऱ्या टोकाला. मी दोघींच्या मधोमध होतो.

"सोड म्हनते ना!"

"आत्याबाई, एकच इचारते. मी नवी आले तवा तुरीची डाळ शिजत नव्हती. दोपार झाली तरी दाना फुटंना. तुमी मला काय सांगितलं हुतं?"

"सांगितलं हुतं की आडाच्या पान्यात डाळ शिजत न्हाई. मळ्याच्या झऱ्याचं पानी आन. त्याचं आता काय?"

"ज्या पान्यात डाळ बी शिजत न्हाई, त्ये ह्या एवढ्याशा झाडाला कसं पचावं?"

 अंजनाने हंड्यातली खपली आणली, माझ्या बुडाची माती घेतली, दोन्हींवर चिंच पिळली. दोन्ही फसफसल्या. मग तांबड्या मातीवर पिळली.

"ह्यात चुना न्हाई. ह्याला ही माती लागती. आपुन राख घातली, चुना घातला, जे आपल्याकडं हाय ते सगळं घातलं. ह्याला नको त्येच घातलं."

"म्हंजी मी मारलं ह्याला?" राहीबाईंनी विचारले.

"न्हाई वो आत्याबाई. आपल्याला ठावं नव्हतं. मला तरी कुटं ठावं हुतं?"

राहीबाईंनी दांडा सोडला.  मग आकारामकडे वळून म्हणाल्या, "पावनं, कुदळ घ्या की! पोरगी एकलीच मरंल का?" आणि स्वतः घागर घेऊन मळ्याच्या वाटेला लागल्या.

मला बाहेर काढले, तेव्हा माझ्या मुळ्या वितीएवढ्याही पसरल्या नव्हत्या. जुन्या गोळ्याभोवतीच घुटमळत होत्या. आकारामने खड्डा दोन हात रुंद आणि दोन हात खोल केला, चुनखडीचा थर फोडून काढला आणि खडे गावाबाहेर नेऊन टाकले. तळाला विटांचे तुकडे घातले, पाणी साचू नये म्हणून, कारण आम्हांला ओल आवडते पण चिखल सोसत नाही. वर तांबडी माती, कुजका पाला आणि वर्षभर मुरलेले थोडे शेणखत. माझ्या खोडावरचा चुना अंजनाने ओल्या फडक्याने पुसून काढला आणि फांद्या निम्म्याने छाटल्या, म्हणजे थोड्या मुळ्यांवर फार पानांचा भार नको. पाराचे दगड धुऊन परत रचले आणि राहीबाईंनी झऱ्याचे पाणी घातले. सूर्य डोंगराला टेकला होता.

"हिला न्हेऊ नगा आत्ता," राहीबाई आकारामला म्हणाल्या. "ह्या मातीचं आमाला कळत न्हाई. हिनं लावलंय, हिनंच जगवावं. न्हाई जगलं, तर मी सोता आनून सोडीन."

आकारामने मुलीकडे पाहिले. तिने मान हलवली. तो एकटाच परत गेला.

अठराव्या दिवशी माझ्या फांदीच्या एका डोळ्यातून पान फुटले. सुईएवढे, पण हिरवे. मधूनही हिरवे आणि शिरांतही हिरवे. राहीबाईंनी ते पाहिले आणि शालूबाईंना हाताला धरून घेऊन आल्या.

"बग. माजा जोतिबा बरा हाय."

माझा रंग परतला, पण ओझे तेच राहिले. दिवाळीला आकाराम पुन्हा आला, तर अंजना माहेरी गेली नाही. संक्रांतीला गेली नाही. पुढच्या वर्षीच्या पंचमीलाही गेली नाही. आपण गेल्यावर एखादे पान पिवळे पडले तर परतीचा सांगावा येणार नाही, ही भीती तिला बसली होती. ती रोज झऱ्याचे पाणी आणी. बुडाशी पाला पसरून ठेवी, म्हणजे उन्हाने माती तापत नाही. आठवड्यातून एकदा ताकाची निवळी पाण्यात मिसळून घाली. कळ्या धरल्यावर पाण्यात एक दिवसही खंड पडू दिला नाही, कारण त्या वेळी तहान लागली तर आम्ही कळ्या टाकून देतो. चव्वेचाळीसच्या जेठात, वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, मला पहिले फूल आले. मग रोज फुले येत गेली. राहीबाई एकही फूल तोडू देत नसत. आल्यागेल्याला म्हणत, "माजा लेक तिकडं हसतोय बगा."

पत्र मात्र नव्हते.

पंचमी होऊन पंधरा दिवस झाले असतील. टपालवाला आला तो तीन पाकिटे एकदम घेऊन. ती इतकी मळली होती आणि त्यांवर इतके शिक्के होते की पत्ता वाचवत नव्हता. "लिहिनाऱ्यानं तालुका लिवला न्हाई," तो म्हणाला. "ह्या नावाची तीन गावं हायती. सगळीकडं फिरून आल्यात."

शालूबाई आडावरच होत्या. घागर तशीच टाकून त्या आल्या. अंजना माझ्या पारावर बसली. तिला एकटीलाच वाचता येत होते.

पहिले पत्र पलटणीतल्या कुणीतरी सुबक अक्षरात लिहून दिले होते. "तीर्थरूप मातोश्रीस बालक जोतिबाचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सध्या विश्रांतीच्या छावणीत आहोत. ठिकाण लिहिण्यास परवानगी नाही. जेवण चांगले आहे. हुतूतूत आमची तुकडी पहिली आली. अंगाने मी जाड झालो आहे, तू ओळखणार नाहीस."

राहीबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. दुसरे पत्रही तसेच होते. तिसरे उघडल्यावर अंजना वाचता वाचता थांबली.

"वाच की गं," शालूबाई म्हणाल्या.

मी तिच्या खांद्याला लागून होतो.  वरचा मजकूर वाचायचा आणि तारीख गाळायची, एवढे तिला सहज करता आले असते. राहीबाईंना अक्षर येत नव्हते. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि सगळे वाचले, तारखेसकट. जूनच्या दहा तारखेला जोतिबा जखमी झाला होता. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जिवाला धोका नाही. कुबडीवर चालायला शिकतो आहे. बरे वाटले की घरी पाठवतील.

 राहीबाई पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "जून म्हंजी कवा?"

"जेठ, आत्याबाई. वटपुनव झाल्यावर चार दिसांनी."

"तवा हे कसं हुतं?"

"फुललं हुतं," अंजना म्हणाली.

"आन ते पयलं पत्र? हुतूतूचं?"

"ते गेल्या सालच्या जेठातलं."

"तवा?"

"तवा सतरा पानं हुती. समदी पिवळी."

शालूबाईंनी तोंड उघडले. "म्हंजी राहीबाय, झाड—"

"तू गप गं! घागर भर आन घरला जा." राहीबाई उठून माझ्यासमोर आल्या. माझ्या अंगावर त्या वेळी शेवटची दोन फुले होती. त्यांनी माझे एक पान दोन बोटांत धरले, तसे त्या जोतिबाचा कान लहानपणी धरत असतील. "म्हंजी ह्याला काय ठावं नव्हतं. त्यो तिकडं जेवत हुता, तवा हे हितं उपाशी. त्यो तिकडं पडला, तवा हे फुललं. ह्ये झाडच हाय. मीच ह्याला लेक केलं." मग त्या अंजनाकडे वळल्या. "आन तुला..." 

"आसू द्या, आत्याबाई."

"आसू द्या कशाला? दोन वर्सं झाली तुला ह्या घरात. झाडाला काय लागतं ते तू चिंच पिळून हुडकलंस. तुला काय लागतं, ते मी एकदा तरी इचारलं का?"

अंजनाने पत्राची घडी केली. 

"मला माहेरला जायाचंय, आत्याबाई. आठ दिस. आईला बगायचंय. पन परत न्ह्यायला तुमी या. दुसऱ्या कुनाला धाडू नगा."

राहीबाई आयुष्यात कधी आगगाडीत बसल्या नव्हत्या. नवव्या दिवशी त्या बसल्या आणि साताऱ्यापलीकडच्या त्या गावी जाऊन सुनेला घेऊन आल्या. मधल्या आठ दिवसांत माझी दोन पाने पिवळी होऊन गळली होती. जुनी पाने कधीतरी गळतातच. येताच त्यांनी ती उचलली आणि केरात टाकली.

जोतिबा हिवाळ्यात आला. कुबडी भिंतीला टेकवून माझ्या पारावर बसला. सगळी हकिगत ऐकून ओशाळला आणि म्हणाला, "आये, मी आपलं गमतीनं म्हनलं हुतं गं."

"आता पुन्यांदा आसली गंमत केलीस, तर उरल्याला पाय मी मोडीन," राहीबाई म्हणाल्या, आणि त्याला भाकरी वाढायला आत गेल्या.

मित्रांनो, मी अजून तिथेच आहे. राहीबाई आता नाहीत. अंजनाचे केस माझ्या फुलांइतके पांढरे झाले आहेत, आणि दर दोन वर्षांनी ती माझ्या बुडाची माती बदलून घेते. तुम्हांला एकच विनंती आहे. झाड लावलेत, तर तुमच्याकडे जे उदंड आहे ते त्याच्या बुडाशी ओतू नका. आधी त्याचे पान उजेडात धरून पाहा. ते कुठून आले, कोणत्या मातीत वाढले, हे विचारा. आम्हांला बोलता येत नाही, म्हणून आम्ही पानांवर लिहितो. पण तुमच्या घरात दुरून आलेले एखादे माणूस असेल, तर त्याला बोलता येते. त्याला नुसते विचारले तरी पुरते.